मोठे अक्षर, लहान अक्षर आणि ३२ चा फरक

संगणकावर इंग्रजी निबंध लिहिताना एखादे वाक्य चुकून सगळेच कॅपिटल अक्षरांत टाइप होते. ते खोडून पुन्हा लिहिण्याची गरज नसते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ते वाक्य निवडावे, शिफ्टची कळ दाबून धरावी आणि एफ-३ ही कळ दाबावी. सारी अक्षरे लहान होतात. तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली, तर वाक्याची वेगवेगळी रूपे आळीपाळीने समोर येतात. संगणकाला तर अक्षराचा आकार कळत नाही. मग हे त्याला साधते कसे?

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, फक्त संख्या असतात. कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यायची, याचा 'आस्की' नावाचा संकेत अमेरिकेत १९६३ साली ठरला. त्यात प्रथम फक्त मोठी अक्षरे होती. लहान अक्षरांची भर १९६७ च्या आवृत्तीत पडली. मोठ्या 'ए'ला ६५ ही संख्या मिळाली आणि लहान 'ए'ला ९७. मोठा 'बी' ६६, तर लहान 'बी' ९८. दोहोंतील फरक पाहा. तो प्रत्येक वेळी ३२ च येतो.

हा आकडा सहज निवडलेला नाही. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. म्हणजे त्याच्या अंकांची स्थाने १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट होत जातात. आता ६५ आणि ९७ द्विमान पद्धतीत लिहू या :

मोठा ए : पहिला अंक ६४ चा धरून सात स्थानांत १०००००१
लहान ए : ११००००१

फक्त ३२ च्या स्थानावरील अंक बदलला आहे! इंग्रजी अक्षरे २६. ती १६ च्या गटात मावत नाहीत, ३२ च्या गटात मावतात. म्हणून हे अंतर ठेवले गेले. मात्र हा अंक सरसकट बदलून चालत नाही. '५' या चिन्हाची संख्या ५३ आहे. तिच्यातून ३२ काढले तर २१ उरतात, आणि २१ हे मुळी अक्षरच नव्हे. तो यंत्रांमधील एक संदेश आहे. म्हणून अक्षर मोठे करण्यापूर्वी त्याची संख्या ९७ ते १२२ यांच्या दरम्यान आहे की नाही, हे आधी तपासावे लागते.

इंग्रजीबाहेर पडले की हा सोपा नियम अपुरा पडतो. तुर्की भाषेत टिंब असलेला आणि टिंब नसलेला असे दोन वेगळे 'आय' आहेत. टिंबवाला मोठा केला तरी त्याचे टिंब राहावे लागते. इंग्रजीचा नियम ते पुसून टाकतो आणि अक्षरच बदलते. जर्मन भाषेतील एका विशिष्ट 'एस'चे मोठे रूप परंपरेने दोन 'एस' लिहून करतात. त्यामुळे 'वस्तुमान' आणि 'मापे' या अर्थांचे दोन जर्मन शब्द मोठ्या अक्षरांत हुबेहूब सारखे दिसतात. ते पुन्हा लहान करताना मूळ शब्द कोणता होता, हे संख्यांवरून कळत नाही. पुसलेली माहिती गणिताने परत येत नाही.

आपल्या देवनागरीत मोठे-लहान अक्षर हा भेदच नाही. आजच्या युनिकोड संकेतात 'क'ची संख्या २३२५ आहे. तिच्यात ३२ मिळवले तर २३५७ येतात, आणि ती संख्या आहे 'व'ची. म्हणजे इंग्रजीचा नियम इथे नुसत्या पहिल्या अक्षराला लावला, तरी 'कडा'चा 'वडा' होईल! म्हणूनच संगणकाला आधी लिपी ओळखायला शिकवावे लागते.

करून पाहा : मोठ्या 'एम'ची संख्या ७७ आहे. लहान 'एम'ची संख्या काढा आणि दोन्ही द्विमान पद्धतीत लिहा. किती अंक बदलले?