कार्ड त्याचं, पेन्सिल तुझी

अठरावा होल संपतो. तेरा-चौदा वर्षांची तीन पोरं टोप्या काढून हात मिळवतात आणि तंबूतल्या टेबलाशी येऊन बसतात. आई-बाप, कोच दोरीपलीकडे. समोर खिशात चार-पाच तास राहून मऊ पडलेली स्कोअरकार्डं. सातव्या होलला पाच की सहा? तो पाण्यात गेलेला चेंडू धरलास ना? तिघं तीन देशांची, इंग्रजी तिघांचंही जेमतेम. तरी एकेक आकडा जुळेपर्यंत कोणी उठत नाही.

परदेशातल्या ज्युनियर गोल्फ स्पर्धेचा हा भाग टीव्हीवर दिसत नाही. आपल्याला दिसतो तो करंडक. २०१५ सालच्या जुलैत अमेरिकेत सॅन दिएगोला शुभम जगलान या दहा वर्षांच्या मुलाने ज्युनियर वर्ल्ड स्पर्धेत आपला वयोगट जिंकला, तेव्हा त्याचे फोटो सगळीकडे झळकले. गाव पानिपतजवळचं इसराना, घराणं पैलवानांचं, वडील दूध विकणारे. परदेशात स्थायिक झालेल्या एका गाववाल्याने गावात गोल्फ अकादमी काढली, ती लवकरच बंद पडली, आणि पोरगं यूट्यूब बघत शेतात फटके मारत राहिलं. १९६८ पासून चालत आलेली ही स्पर्धा टायगर वूड्सने लहानपणी सहा वेळा जिंकली होती. गोष्ट मोठी आहेच. पण तिथे खेळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या फोटोंतून कळत नाही.

या खेळात पंच प्रत्येक फटक्यामागे फिरत नाही. पहिला फटका मारण्याआधी खेळाडू कार्डांची अदलाबदल करतात. माझे फटके तू मोजायचे, तुझे मी. अगदी चिमुरड्यांच्या गटात हे काम बहुधा मोठ्या माणसाकडे असतं. पुढे पोरांचं पोरांनीच बघायचं. शेवटी दोघांच्याही सह्या. गंमत म्हणजे बेरीज चुकली तर खेळाडूचा दोष नाही, ती आयोजकांनी करायची. खेळाडू बांधील असतो तो प्रत्येक होलच्या आकड्याला. प्रत्यक्षापेक्षा जास्त फटके लिहून सही केली, तर तो जास्तीचा आकडा कायम. कमी लिहून सही केली, तर थेट बाद.

गल्ली क्रिकेटमध्ये ‘बॅट लागलीच नाही’ म्हणत अर्धा तास भांडलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा जडच जाईल.

आणि मोठ्यांनाही यातून सूट नाही. २०२४च्या फेब्रुवारीत जॉर्डन स्पीथसारखा तीन मेजर स्पर्धा जिंकलेला खेळाडू एका होलला चारऐवजी तीन लिहिलेल्या कार्डावर सही करून बसला आणि स्पर्धेबाहेर गेला. रोबेर्तो दे विसेन्सोचं दुखणं याहून वाईट. १९६८च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी सतराव्या होलला त्याने तीन फटके घेतले. सोबतच्या खेळाडूने चार लिहिले. याने न बघता सही केली. चारच धरले गेले आणि जेतेपदासाठीचा प्लेऑफ हुकला. त्या दिवशी त्याचा ४५वा वाढदिवस होता.

एका फटक्याची किंमत आपल्याला अदिती अशोकने दाखवली आहे. २०१४ च्या नानजिंग युवा ऑलिंपिकपासून ती या रांगेत उभी होती. टोकियोत चार दिवसांत २६९ फटके, आणि एका फटक्याने कांस्य गेलं. तिथे तिची बॅग उचलायला आई होती, रिओत वडील.

अशी बॅग उचलणारा, म्हणजे कॅडी, पालकच असेल तर तो सल्ला देऊ शकतो. नसेल, तर ‘बाबा, कुठला क्लब घेऊ?’ एवढं विचारलं तरी दोन फटके दंड. त्यामुळे अशा स्पर्धांत बापमंडळी लांबून, तोंड मिटून चालताना दिसतात. लाखभर रुपयांहून अधिक खर्च करून आलेल्या माणसाला ही शिक्षाच म्हणायची. त्यात सॅन दिएगो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. सकाळी साडेसातची वेळ मिळाली, तर पोराचं शरीर अजून रात्रीच्या आठच्या हिशेबात. गवतही परकं, घरच्या ग्रीनवर होलपाशी थांबणारा चेंडू तिथे चार फूट पुढे जातो.

येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या गोल्फ क्लबवरून जाणाऱ्याला बाहेरून नुसतं कुंपण दिसतं, म्हणून हा खेळ आपला वाटत नाही. ते स्वाभाविक आहे. पण तुमच्या घरातलं पोर कधी अशा स्पर्धेला निघालंच, तर बॅग भरताना हातमोजे आणि चेंडूंबरोबर टोक काढलेल्या दोन पेन्सिली टाका. एक हमखास हरवते.