ढग दिसतात, पाणी ताडावं लागतं

मृगात इथं नांदगाव खंडेश्वरला आभाळ भरून येतं, आणि सोयाबीन पेरावं की थांबावं हा घोर लागतो. चुकलं तर दुबार पेरणी. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. आम्हाला हा प्रश्न अनुमानाचा वाटतो. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनानं कारणावरून कार्य ओळखण्याला उदाहरण दिलं तेच मुळी ढगांवरून पावसाचं.

पण ढगाचा माथा पाहून पोटातलं पाणी कळतं का? नाही. उपग्रहाचा साधा कॅमेरा माथाच पाहतो. ढगाच्या आत डोकावायला सूक्ष्मलहरी लागतात.

या वाटेवर प्रा. पी. आर. पिशारोटी यांचं नाव घ्यायला हवं. जन्म १९०९, केरळातला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलं, १९६२ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक झाले, पुढे अहमदाबादेत भारतीय सुदूर संवेदनाचा पाया घातला. तिथल्याच स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं ‘समीर’ हे सूक्ष्मलहरी उपकरण बनवलं. ७ जून १९७९ रोजी ते भास्कर-१ मधून अवकाशात गेलं.

आता त्याची रीत पहा. प्रत्येक वस्तू मंद सूक्ष्मलहरी सोडत असते; उपकरण त्या फक्त मोजतं. समीर १९ आणि २२ गिगाहर्ट्झवर मोजत असे. २२ च्या आसपास बाष्पाची खूण उमटते. समुद्र स्वतः कमी लहरी सोडतो, म्हणून त्याच्यावरचं बाष्प उठून दिसतं. जमीन मात्र भरपूर सोडते. तिच्या गलबल्यात बाष्पाचा आवाज बुडतो. म्हणजे अरबी समुद्रावरची ओल कळते, आपल्या काळ्या रानावरची तितकी नाही!

यावर उपाय म्हणजे अधिक वारंवारता. ८९ गिगाहर्ट्झला उंच ढगातले बर्फकण जमिनीच्या लहरी विखुरतात. संकेत घटला की खाली पाऊस असावा, असं ताडतात. भारत-फ्रान्सच्या २०११ च्या मेघा-ट्रॉपिक्सवर अशी सोय होती.

तरीही हे अनुमानच, बरं का. म्हणून कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. उपग्रहाचं ऐकावं, पण तिफण धरण्याआधी मूठभर माती उचलून ओल पाहावी. ते मात्र प्रत्यक्ष.