खुबा दुखतो : चित्र काढायचे की नाही?

कंबर, खुबा, जांघ, कुल्ला हे शब्द बोलताना आपण बरेच सैल वापरतो. दुखण्याच्या बाबतीत मात्र त्यांतला फरक कामाचा असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडाच्या खोबणीत बसतो, तो उखळीचा सांधा म्हणजे खुबा. हा सांधा खोलवर असतो आणि तो बिघडला की दुखते ते बहुधा जांघेत. कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर दोष पुष्कळदा तिथल्या स्नायुबंधांत असतो. कुल्ल्यातून निघून पायात उतरणारी कळ बहुधा कण्याकडून येते. म्हणून रुग्ण बोट नेमके कुठे ठेवतो आणि पाय आत वळवला की दुखते का, हे आधी पाहावे लागते.

'एकदा स्कॅन करून टाकू, म्हणजे शंका नको' असे आपल्याला सहज वाटते. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमची पाहणी काय सांगते पाहा. वारंवार दुखणाऱ्या खुब्यांपैकी क्ष-किरण चित्रात झीज दिसली ती जेमतेम १६ टक्क्यांत. उलट, झीज दिसणाऱ्या खुब्यांपैकी वारंवार दुखत होते सुमारे २१ टक्के. (संभाव्यता शिकवताना हे आकडे फळ्यावर मांडून पाहावेत. 'दुखत असेल तर झीज' आणि 'झीज असेल तर दुखणे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मुलांना पटकन उमगते.) एमआरआयची गोष्ट आणखी मजेची. २०१२ च्या एका अभ्यासात खुब्याची काहीच तक्रार नसलेल्या ४५ जणांची तपासणी झाली, तेव्हा ६९ टक्के खुब्यांत खोबणीच्या काठावरील कूर्चेला चीर आढळली. अशी चीर एखाद्या दुखणाऱ्या माणसात दिसली, की सारा दोष तिच्यावर जातो आणि क्वचित शस्त्रक्रियाही होते.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१४ साली सांगितले, की वय ४५ किंवा अधिक, हालचालीने होणारे दुखणे, आणि सकाळचा ताठरपणा नाही किंवा अर्ध्या तासाहून कमी, एवढ्यावरून झिजेचे निदान चित्राविना करावे. कारण उघड आहे. व्यायाम, वजन कमी करणे, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी, हे उपचार चित्राने बदलत नाहीत. सांधा बदलण्याचा विचार सुरू झाला, की क्ष-किरण चित्र लागतेच.

मात्र काही वेळा चित्र टाळणे घातक ठरते. आजी पडल्या, पायावर भार देता येत नाही आणि क्ष-किरण चित्र स्वच्छ आले, तरी मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा असू शकतो. अशा वेळी एमआरआय हवाच. स्टेरॉइड घेतलेल्या, फार मद्यपान करणाऱ्या किंवा सिकलसेल असलेल्या माणसाची जांघ दुखू लागली, तर हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ असल्याने हे तिथे विशेष लक्षात ठेवायला हवे. २०२१ साली मुंबईत कोविडनंतर असे काही रुग्ण आढळले होते. क्ष-किरण मुख्यतः हाडातील कॅल्शियम दाखवतात आणि त्यात फरक पडायला महिने लागू शकतात. एमआरआय पाणी व मेद यांतील हायड्रोजनकडून संकेत घेतो, त्यामुळे मज्जेतला बदल त्याला कितीतरी आधी दिसतो. कर्करोगाचा पूर्वेतिहास, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तरीही थांबू नये.

आम्हांला सर्वांत काळजी वाटते ती मुलांची. खुबा आणि गुडघा या दोघांनाही एकाच चेतातंतूच्या शाखा जातात. म्हणून खुबा बिघडलेले मूल 'गुडघा दुखतो' म्हणते. गुडघ्याचे चित्र चांगले येते आणि ते पुन्हा खेळाच्या तासाला पळू लागते. ४ ते ८ वर्षांच्या मुलात पर्थेसचा आजार असू शकतो. वयात येणाऱ्या, विशेषतः स्थूल मुलामुलींत मांडीच्या हाडाचा माथा वाढीच्या पट्टीपाशी घसरलेला असू शकतो. लंगडणाऱ्या अशा मुलाच्या खुब्याचे क्ष-किरण चित्र समोरून आणि पाय बेडकासारखे बाजूला टाकून, असे दोन्ही प्रकारे काढावे लागते. माथा घसरल्याची शंका असेल, तर चित्र होईपर्यंत त्याला त्या पायावर चालू देऊ नये. लंगडण्यासोबत ताप असेल आणि मूल पाय टेकतच नसेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.