पाखाडी आणि स्नायूंचे इंधन

गुहागर तालुक्यात डोंगरउतारावर वसलेल्या वाड्यांमध्ये घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत जाण्याची वाट म्हणजे अनेकदा जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी असते. चयापचयजन्य स्नायुविकारांच्या, म्हणजे अन्नातील इंधनापासून ऊर्जा मिळवून देणारे एखादे विकर जन्मतःच सदोष असल्याने होणाऱ्या आजारांच्या निदानात ही पाखाडी पहिली तपासणी ठरू शकते. मात्र त्यासाठी ‘पाय दुखतात का’ एवढ्यावर न थांबता, किती पायऱ्यांनंतर बसावे लागते, बसल्यावर पुन्हा चढता येते का आणि त्या दिवशी पोटात अन्न होते का, हे डॉक्टरांनी विचारायला हवे.

लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनी 1951 मध्ये वर्णन केलेल्या आजारात, स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मोडणारे विकर नसते. त्यामुळे चढण लागताच पोटऱ्यांत गोळे येतात. पण रुग्ण वेग कमी करून चालत राहिला, तर सुमारे आठ-दहा मिनिटांत रक्तातील साखर आणि स्निग्धाम्ले स्नायूंना पुरू लागतात व तीच वाट सुसह्य होते. सीपीटी-2 या विकराची उणीव असलेल्यांचे नेमके उलट घडते: पहिली चढण सहज पार पडते, परंतु दीर्घ श्रम, ताप किंवा कडक उपवास यांनंतर, स्निग्धाम्ले वापरता येत नसल्याने, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, लघवी तांबूस-काळी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. अशी लघवी ‘उन्हाळे लागले’ म्हणून अंगावर काढणे घातक आहे. या रुग्णांचा मुख्य उपचार घरातच असतो, तो म्हणजे ठरावीक वेळी कर्बोदकयुक्त जेवण आणि हरतालिकेच्या निर्जळी उपवासातून कायमची सुटका.

डच डॉक्टर पॉम्पे यांनी 1932 मध्ये नोंदवलेल्या आजारात मात्र आहार पुरेसा पडत नाही. पेशीतील टाकाऊ द्रव्ये मोडणाऱ्या लयकारिकांमधले ग्लायकोजेन मोडणारे विकर सदोष असल्याने तिथे ग्लायकोजेन साचत जाते. तान्ह्या बाळांचे हृदय वाढते आणि उपचाराविना ती बहुधा पहिले वर्षही पार करत नाहीत. याच्या प्राथमिक चाचणीसाठी रक्ताचे थेंब गाळणकागदाच्या वर्तुळांत पूर्ण भरून, सावलीत आडवे ठेवून वाळवतात. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत हीच पायरी नाजूक ठरते, कारण ओलाव्याने नमुन्यातील विकराची क्रिया मंदावून निकाल फसवा येऊ शकतो. म्हणून वाळलेले कार्ड ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावे लागते.

उपचार म्हणजे दर पंधरवड्याला शिरेतून दिले जाणारे विकर. कुपीतील पूड पाण्यात मिसळताना परिचारिका ती हलवत नाही, कारण फेस आल्यास प्रथिन बिघडते. कुपी तिरकी धरून हळूच फिरवली जाते. सुरुवातीला अगदी संथ असलेला प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि सुमारे चार तास चालणाऱ्या या कामात नाडी, रक्तदाब व अंगावरचे पुरळ यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोस 20 मिलिग्रॅम असल्याने, दहा किलोच्या मुलाला 50 मिलिग्रॅमच्या चार कुप्या लागतात, तर तीस किलोच्या मुलाला बारा.

मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणातील उत्कृष्टता केंद्र असून, या धोरणाखाली सध्या प्रत्येक रुग्णास 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. परंतु मूल वाढते तसा खर्चही वाढतो आणि उपचार जन्मभराचा असतो, तेव्हा ठरावीक रकमेची मर्यादा या आजाराच्या स्वरूपाशीच विसंगत आहे. पहिल्या काही मात्रा मुंबईत सुरळीत पार पडल्यावर पुढच्या मात्रा चिपळूण किंवा रत्नागिरीत, तीव्र ॲलर्जीवर तत्काळ उपचार करू शकणाऱ्या पथकाच्या देखरेखीखाली देण्याची सोय झाली, तर गुहागरच्या कुटुंबाचा दर पंधरवड्याचा मुंबईचा प्रवास वाचेल.