पिका : कुरणांचा वैरी की सोबती?

तिबेटच्या पठारावर, 3000 मीटरहून अधिक उंचीवरील कुरणांत, सशाच्या गणातील पिका हा चिमुकला प्राणी बिळे करून राहतो. याक व मेंढ्यांचा चारा तो फस्त करतो, असा ठपका ठेवून चीनमध्ये 1960 च्या सुमारापासून त्याच्यावर विषप्रयोग होत आला.

वस्तुतः पिकाला आखूड गवत मानवते, कारण तेथे शत्रू दुरूनच दृष्टीस पडतो. साहजिकच अतिचराईने उघड्या पडलेल्या कुरणांत त्याची संख्या वाढते. त्याच्या बिळांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते, बिळांत पक्षी घरटी करतात. ससाणे, कोल्हे व अस्वले यांचे तो भक्ष्य आहे. विष पेरले, तेथे हे पक्षीही घटले. म्हणून विषापूर्वी कुरणावर किती गुरे चरतात, याचा विचार होणे अगत्याचे आहे.