मध्यावर असूनही नागपूर हब का होत नाही?

दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास एकमेकांशी थेट जोडायची, तर 6 हवाई मार्ग लागतात. मधल्या एका गावात सगळी विमानं एकत्र आणली, तर 4 पुरतात. 1949 साली सुरू झालेली रात्रीची विमान टपालसेवा याच हिशोबावर चालली. चार शहरांतून रात्री सुटलेली डाकोटा विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची आणि थोड्याफार प्रवाशांची अदलाबदल व्हायची, आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. फेडेक्सने अमेरिकेत मेम्फिसहून हाच डाव मांडला तो 1973 साली, 14 विमानं आणि 25 शहरं घेऊन. 25 शहरांच्या जोड्या 300 होतात. एका केंद्रातून तेच काम जेमतेम 25 मार्गांत भागतं.

मग चोवीस वर्षं आधी हे करून दाखवणारं नागपूर मागे का पडलं? नकाशावर तर ते नेमकं मध्यावर आहे. दिल्ली ते चेन्नई सरळ अंतर सुमारे 1,757 किलोमीटर, नागपूरमार्गे 1,759. मुंबई-कोलकात्याचंही तसंच, फेरा जवळजवळ शून्य. पण मुंबई-दिल्ली थेट 1,136 किलोमीटर असताना नागपूरमार्गे 1,535 होतात, म्हणजे 35 टक्के जादा. मुंबई-चेन्नईला तर 54 टक्के. थैली तक्रार करत नाही, माणूस करतो. शिवाय या सहाही जोड्यांवर आज थेट विमानं आहेत. मध्ये उतरून दुसरं विमान पकडायला कोण तयार होईल?

खरा अडसर मात्र गावातल्या प्रवाशांचा आहे. 2023-24 मध्ये दिल्ली विमानतळावर 7.36 कोटी प्रवाशांची ये-जा झाली, मुंबईत 5.28 कोटी, बंगळूरूत 3.75 कोटी. नागपूर 28 लाखांच्या आसपास. म्हणजे बाहेर जाणारे रोज सुमारे 3,800. आता समजा, एखाद्या कंपनीने नागपूरहून 20 शहरांना सकाळ-संध्याकाळ 180 आसनांचं विमान सोडलं. जागा झाल्या 7,200. गावातला झाडून सगळा प्रवासी तिनेच ओढला (जे होणं नाही), तरी जवळपास निम्म्या जागा विमान बदलणाऱ्यांनी भरायच्या. आणि असा प्रवासी तिकीट स्वस्त असेल तरच फेरा पत्करतो. जादा भाडं देतो तो कामासाठी थेट जाणारा, आणि तो मोठ्या शहरांत राहतो.

मेम्फिसचाच दाखला घ्या. तिथे प्रवासी हबही होतं, आधी नॉर्थवेस्ट विमान कंपनीचं, विलीनीकरणानंतर डेल्टाचं. अटलांटाचं मोठं हब हाताशी असताना डेल्टाला ते परवडेना. 2013 मध्ये बंद झालं. फेडेक्सची विमानं अजून रोज रात्री तिथेच उतरतात.

मालवाहतुकीचं हब म्हणून नागपूरच्या मिहान प्रकल्पाचा गाजावाजा झाला, तो याच तर्कावर. पण आपल्याकडे बराचसा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो, आणि जिथे प्रवासी विमानं कमी तिथे ती जागाही कमी. त्यात 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण झाला. नागपूरहून रात्री निघालेला ट्रक आता सकाळी मुंबईच्या वेशीवर असतो.

मग हब कुठे व्हावं? मुंबईकडे प्रवासी आहेत, पण धावपट्ट्या दोन असून एकमेकींना छेदतात. त्यामुळे तासाला 46 च्या आसपासच उतरणी-उड्डाणं होतात. हबला तर तासाभरात विमानांचा जथा उतरवून लगोलग पुन्हा उडवावा लागतो. नवी मुंबईत दोन समांतर धावपट्ट्या आणि पुढे 9 कोटी प्रवाशांची क्षमता योजलेली आहे. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी आणि 2 कोटी. आखात आणि आफ्रिकेकडे तोंड करून नवं हब उभारायचं असेल, तर माझं मत नवी मुंबईला. अट एकच: हब चालवणाऱ्या कंपनीने आपली देशी आणि परदेशी विमानं तिथेच ठेवावीत. सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर उतरलेला प्रवासी सामान घेऊन खाडी ओलांडणार नाही. तो सरळ दुबईमार्गे जाईल.