शरणपूरहून मोंबासाला

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत खाडीला लागते आणि दासगाव, आंबेत मागे टाकून बाणकोटला समुद्राला मिळते. घाटरस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईचे साहेबलोक याच वाटेने महाबळेश्वर गाठायचे. महाडपर्यंत होडी, पुढे पोलादपूरवरून डोंगर. नदीच्या मुखाशी, बाणकोटला, 1823 साली स्कॉटिश मिशनच्या डोनाल्ड मिचेल यांनी पहिलं ठाणं मांडलं आणि त्याच वर्षी ते वारले. 1829 मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीचे धडे गिरवले ते जवळच्याच हर्णैला. विल्सन कॉलेजचे विल्सन ते हेच. त्यांचा मुक्काम लवकरच मुंबईला हलला, आणि तिथून या गोष्टीला आफ्रिकेचं वळण लागलं.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम वाहून नेणारी अरबी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे. सुटलेल्या मुलांचं करायचं काय? काहींना मुंबईला आणलं जाई. त्यातली बरीच चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत पोचली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख. मुलांना अक्षरओळख, इंग्रजी, बायबल आणि सोबत सुतारकी-लोहारकी. आईबापांनी ठेवलेली नावं मागे पडून जेकब, मॅथ्यू, जॉर्ज अशी नावं चिकटली. मुलांना विचारून हे झालं असेल असं मला वाटत नाही.

1865 मध्ये आफ्रिकेचे प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या नव्या मोहिमेसाठी माणसं जमवायला नाशिकला आले. पुढच्या वर्षी आफ्रिकेत शिरताना त्यांच्याबरोबर मुंबईच्या पलटणीतले शिपाई होते, शरणपूरची नऊ मुलं होती आणि विल्सन यांच्याकडे राहिलेला चुमा नावाचा मुलगाही होता. शिपाई वाटेतच परत धाडावे लागले. 1872 मध्ये शरणपूरची आणखी काही मुलं लिव्हिंग्स्टनना जाऊन मिळाली. त्यांत जेकब वेनराइट होता.

1 मे 1873 रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. माणसांनी त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर मजकूर कोरला. देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला. मग लिव्हिंग्स्टनचा साथीदार सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली महिनोन् महिने चालून त्यांनी तो बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. सुसी आणि चुमा मात्र अंत्यविधीला नव्हते. पुढे त्यांना इंग्लंडला बोलावून घेतलं, लिव्हिंग्स्टनच्या टिपणांचा अर्थ लावायला.

एवढी कथा पुष्कळांना ठाऊक असते. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी. 1864 मध्येच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे तिघे मोंबासाजवळच्या रबाईत मिशनच्या कामाला लागले होते. 1873 मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांजिबारच्या सुलतानाशी गुलामबंदीच्या वाटाघाटींना गेले. त्यानंतर मोंबासासमोर सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, आणि ते वसवायला गेले ते शरणपूरचेच प्राइस. भारतातून सुमारे दीडशे आफ्रिकी तिथे नेले गेले. शिक्षक, सुतार, उपदेशक अशी कामं त्यांच्याकडे होती. त्यांना 'बाँबे आफ्रिकन्स' म्हटलं जाई. गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत, बहुधा पगार आणि दर्जा यांवरून.

जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा मिळायला 1885 साल उजाडलं. म्हणजे एकवीस वर्षं काम झाल्यावर. दीक्षा देणारे बिशप हॅनिंग्टन त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर मारले गेले. त्यांचा मागे राहिलेला तांडा जोन्स यांनी सांभाळून रबाईला परत आणला. पुढे निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'इखाबोद', म्हणजे तेज निघून गेलं.

माझ्या मते धर्मप्रचारक तयार करण्याच्या कामात शरणपूर यशस्वी ठरलं, कमी पडला तो त्या माणसांना बरोबरीने वागवण्याचा मोठेपणा. पूर्व आफ्रिकेतल्या अँग्लिकन चर्चच्या पायाभरणीचं श्रेय लिव्हिंग्स्टन आणि हॅनिंग्टन यांच्या आधी जोन्स, सेमलर आणि डेव्हिड या तिघांना द्यायला हवं. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन हा शरणपूरचा मुलगा 1935 साली मोंबासात वारला.